संक्रांतीच्या जागी पाडवा

आबा, आज सकाळी मी माझ्या लेकाशी कडाकडा भांडले. तो आता पन्नाशीला टेकलाय, त्याच्या पोरीचं, म्हणजे तुमच्या पणतीचं लग्न आठ दिवसांवर आलंय, घरात बस्त्याच्या पिशव्यांमधून वाट काढत चालावं लागतंय, आणि अशात मी म्हातारी अडून बसले की मांडवात जावयाचे पाय धुवायचे नाहीत. तो म्हणाला, "आई, रीत आहे. दोन मिनिटांचं काम. तुला झालंय काय?" मी म्हणाले, "रीत गेली चुलीत. तू पाटावर बसून वाकायचं नाहीस." सून आधी हसली, मग मी खरंच रडतेय हे तिच्या लक्षात आलं, तशी ती पाणी आणायला आत गेली. लेक समोर खुर्ची ओढून बसला. "एक कारण सांग," म्हणाला, "एकच सांग, मग नाही धुणार." मी उठून बस्त्याच्या पिशव्या आवरायला लागले. ते कारण मी तुमच्या जावयांना सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही, तुम्हाला तर नाहीच नाही. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं उलटली. आता दुपारी सगळे पत्रिका वाटायला गेलेत आणि मी तुमच्या नातवाच्या टेबलावर, त्याच्याच वहीचे कागद फाडून तुम्हाला लिहितेय. दुसऱ्या कुणाला लिहू?

गुऱ्हाळापासून सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं. आष्ट्याच्या आसपास तुमच्यासारखा गुळव्या नाही असं लोक म्हणायचे, आणि तुम्ही ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचा, पण मिशीत हसायचा. काहिलीच्या काठाशी तासन् तास उकिडवे बसलेले तुम्ही मला अजून दिसता. रस उकळतोय, वर मळी येतेय, ती काढायला भेंडीचं पाणी टाकलं जातंय, चुलवाणात चिपाडं फडफडतायत, आणि तुम्ही कुणाशी बोलत नाही, फक्त आवाज ऐकताय. मग बोटं थंड पाण्यात बुडवून काहिलीतला थेंब उचलायचा, पुन्हा पाण्यात, चिमटीत त्याची गोळी वळायची. गोळी वळली की तुम्ही म्हणायचा, "उतरा." तेवढा एक शब्द. मग दोन लांब दांडे कड्यांत घालून गडी काहील उचलायचे आणि रस गार करायच्या दगडी वाफ्यात ओतायचे. तुमचं काम बसून करायचं, उचलायचं काम दुसऱ्यांचं. पण त्या मार्गशीर्षात एक गडी तापानं आला नव्हता, म्हणून दांड्याखाली तुम्ही स्वतः खांदा दिलात. मी न्याहारी घेऊन आले होते, भाकरी आणि पिठलं, फडक्यात बांधलेलं. मी बघतेय, तुमचा पाय सांडलेल्या मळीवर सरकतो, गुडघा वाफ्याच्या दगडी कडेवर आपटतो, आणि वरून दांड्याचं सगळं ओझं तुमच्या पाठीवर येतं. बाकीच्यांनी तोल सावरला, काहील पडली नाही, गूळ वाफ्यात गेला. आणि तुम्ही तिथंच आडवे पडून ओरडत होता, "गूळ हलवा आदी! मला मागनं बगा!" तुमचं हे असं. पाय आखूड दिसत होता आणि गुडघा आत वळलेला होता.

हाडवैद्यानं ओढून बघितलं, लेप लावला, बांबूच्या कामट्या बांधल्या. त्याच्यावर माझा राग नाही, गावातले कितीतरी मोडके हात त्यानं सरळ केले होते. पण खुब्याच्या आतलं त्याला दिसणार कसं? तीन आठवडे तुम्ही दात आवळून पडून राहिलात आणि पाय होता तिथंच. मग मिरजेला नेलं. आईला गुरं आणि घर सोडता येईना, मी मॅट्रिक झालेली, दवाखान्यात लिहायवाचायला उपयोगी पडेन म्हणून तुमच्यापाशी मी राहिले. फोटो काढल्यावर डॉक्टर म्हणाले की मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीतून मागच्या बाजूला निसटलाय, गोळ्याच्या टोकाचा आतला बंध तुटलाय आणि मागचं आवरणही फाटलंय. तुम्ही विचारलंत, "मग ते आपलं आपुन बसत न्हाई व्हय?" डॉक्टर शहरी, शुद्ध बोलणारे, पण तुमच्यावर त्यांचा जीव जडला होता. त्यांनी एका हाताची मूठ दुसऱ्या हाताच्या तळव्यात ठेवली आणि मला सांगितलं, आबांचा ओला पंचा याच्याभोवती गुंडाळ. मी गुंडाळला. त्यांनी मूठ मागे वळवली तसा पंचा पिळला जाऊन घट्ट बसला. "हे बघा, खुब्याचे बंध असे पिळलेले असतात. तुम्ही ताठ उभे राहिलात की पीळ बसतो आणि बंध गोळ्याला धरून ठेवतात. एका पायावर उभं राहिलं तर त्या सांध्यावर तुमच्या वजनाच्या दोन-अडीच पट भार येतो, तरी तो हलत नाही." मग त्यांनी मूठ पुढे वाकवली आणि पंचा ढिला झाला. "आणि उकिडवे बसलात की पीळ सुटतो. तेव्हा गोळा मागे ढकलला जातो आणि त्याला अडवायला फक्त मागचं आवरण उरतं. तुमचं तेच फाटलंय." तुम्ही हात लांब करून तो पंचा चाचपलात. मग म्हणालात, "म्हंजी हुभा ऱ्हायलो तर मी माझा, बसलो तर द्येवाचा." डॉक्टर हसले आणि माझ्याही तोंडातून हसू फुटलं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. वाटीत भरलेला चोथा साफ करून गोळा जागेवर बसवला, आणि मांडीच्या बाहेरच्या अंगाची चिवट पांढरी पट्टी काढून, हाडाला भोकं पाडून, ती मागच्या बाजूनं ओवून नवा बंध शिवला. पायाला वजन टांगून सहा आठवडे तुम्ही पाठीवर. त्या सहा आठवड्यांत तुम्ही मला जेवढं बोललात तेवढं आयुष्यात बोलला नव्हता. आणि त्यातच तुम्ही एकदा मला रागे भरलात, आठवतं? शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या म्हातारीला मी म्हणाले होते की आमचे आबा आता लंगडणार. तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "घरातली उणी बाजू पोरीनं बाहेर सांगू नये. झाकायची असती ती." मला ते लागलं, आणि मी ते नको तितकं लक्षात ठेवलं.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. ते म्हणाले, "आता नीट ऐक. ही पट्टी शिवली म्हणजे बंध झाला असं नाही. आधी ती मरते, मग हळूहळू तिच्यात नवा जीव शिरतो. मधल्या महिन्यांत ती सगळ्यात कच्ची असते, आणि नेमकं तेव्हा दुखायचं थांबलेलं असतं. माणूस तिथंच फसतो." त्यांनी कागदावर लिहून दिलं: पुढील संक्रांतीपर्यंत उकिडवे बसणे, पाटावर बसणे, खाली वाकून काम करणे पूर्ण बंद. आत येऊन मी तुम्हाला कच्च्या बंधाचं तेवढं सांगितलं, आणि तुम्हाला ते लगेच कळलं. "ढेपंवानीच की," म्हणालात, "वरनं कडक, आतनं मऊ. आजून वाफ्यातच हाय म्हणायचं." मग विचारलंत, "किती दिस?" मी म्हणाले, "घरी गेल्यावर सांगते, आबा." कागद माझ्या पोलक्यात होता.

त्याचं कारण आता सांगते. माझं लग्न त्याआधीच ठरलं होतं. वडूजकडचं घर, कोरडवाहू रान, पण मुलगा फौजेत. बघायला आला तेव्हा पोह्यात मिरची लागून त्याला ठसका लागला आणि तो स्वतःवरच इतका मोकळा हसला की मी आतल्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. वैशाखात त्याला दोन महिन्यांची रजा होती. त्याच्या चुलत्यांनी निरोप धाडला होता, "वैशाखात झालं तर झालं, न्हाईतर आमी दुसरी पोरगी बगतो." आणि इकडे तुमचा हेका, "एकुलती एक लेक. मी धड बसाय लागल्याबिगार कन्यादान हुयाचं न्हाई. दुसरं कुणी माझ्या पाटावर बसायचं न्हाई." माझे चुलते बसले असते, मामा बसला असता. तुम्ही ऐकणार नव्हता. तुम्हाला संक्रांत कळली असती तर लग्न मोडलं असतं, एवढं सरळ होतं ते. बैलगाडीतून घरी आलो. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि उंबऱ्यातच विचारलं, "काय म्हनलं गं डाक्तर? कवापतुर जपायचं?"

मी म्हणाले, "पाडव्यापर्यंत."

काही विचार करून म्हणाले असते तर बरं झालं असतं. शब्द तोंडातून असा गेला की जणू तोच खरा होता. आई म्हणाली, "म्हंजी वैशाखात काय अडचन न्हाई," आणि तुमचा चेहरा उजळला. आबा, तुम्ही किती दिवसांनी तसे हसला होता. मी आत जाऊन कागद ट्रंकेत भूगोलाच्या पुस्तकात ठेवला. त्यानंतर रोज वाटायचं, आज सांगू. पाडवा आला, तुम्ही काठी टेकत गुढीपर्यंत गेलात, दुखत नव्हतं. माणूस तिथंच फसतो. मी रोज तुमच्या चालण्याकडं बघायचे आणि मनाशी म्हणायचे, डॉक्टरलोक जरा जास्तीचंच सांगतात.

लग्नाच्या सकाळी माझ्या अंगाला हळद लागलेली असताना तुम्ही दारात आलात. नवा फेटा, हातात काठी. बायका होत्या म्हणून आत आला नाहीत. तिथूनच म्हणालात, "बसू न्हवं गं?" तुम्ही आईला नाही विचारलंत, माझ्या मामाला नाही विचारलंत, मला विचारलंत. आजवर मी त्या दारातल्या तुमच्या चेहऱ्यातून काय काय वाचायचा प्रयत्न केलाय म्हणून सांगू! तेव्हा मी म्हणाले, "बसा की आबा. पाडवा होऊन गेला कवाच." तुम्ही मान हलवलीत आणि गेलात.

मांडवात आईनं तुमच्यासाठी स्टूल आणून ठेवलं होतं. तिला काही ठाऊक नव्हतं, तिनं आपलं काळजीपोटी आणलं. वडूजचे चुलते म्हणाले, "आवं, स्टुलावर बसून कुठं जावयाचं पाय धुत्यात व्हय? आमी काय वाटंवर पडल्यालं पाव्हणं हाय?" तुम्ही आईला हातानंच खुणावलंत, स्टूल ने. पाटावर बसलात. समोर परात, परातीत ह्यांचे, नवरदेवाचे पाय, आई तांब्यातून पाणी सोडतेय. उजवा पाय धुतलात. डाव्या पायासाठी उकिडवे होऊन पुढे वाकलात, वळलात, आणि तुमचा गुडघा आत पडला. उसाचं कांडं मोडावं तसा आवाज झाला. वाजंत्री चालू होती, तो आवाज फार थोड्यांनी ऐकला. तुम्ही ओरडला नाहीत. त्यांचा पाय दोन्ही हातांनी धरून ठेवलात, इतका घट्ट की हे पुढं कित्येकदा म्हणायचे, मला वाटलं आबा आशीर्वाद देतायत. मग तुम्ही मामाला हळूच म्हणालात, "मला मांडवाच्या मेढीला टेकवा. आनि अक्षता उरका, म्हूर्त जाईल." सगळे विचारत होते काय झालं, तुम्ही म्हणत होता, "चमक भरली." मंगलाष्टकं झाली. तुम्ही मेढीला टेकून, घामानं निथळत, माझ्यावर अक्षता टाकल्यात. मग जीप आली, तुम्हाला मिरजेला नेलं, आणि मी वरातीबरोबर वडूजला गेले. नव्या सुनेला मधेच उतरता येत नाही असं सगळे म्हणाले. मी उतरायला बघितलंही नाही.

पाचव्या दिवशी पाचपरतावनाला माहेरी म्हणून आम्ही दोघं निघालो ते थेट दवाखान्यात आलो. मी हिरव्या चुड्यात, कपाळाला मळवट, तुमच्या खाटेपाशी उभी. डॉक्टर आले आणि मला बघून थांबले. असा राग मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. "मी काय लिहून दिलं होतं? कुणी बसवलं यांना खाली?" ते माझ्याकडेच बघत होते. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही उशीवरून मान उचललीत. "डाक्तर, पोरीला बोलू नगा. तिनं लय सांगितलं. रोज सांगायची. मीच न्हाई ऐकलं." डॉक्टर तुमचा पाय तपासायला वळले. मी फरशीकडं बघत उभी राहिले, आबा. ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्यांना वाटलं मी दुःखानं गप्प आहे.

पट्टी मुळातून उपटली होती. डॉक्टरांनी पुन्हा उघडून पाहिलं, गोळ्याचा रक्तपुरवठाच तुटला होता, तो आतून मेला होता. नवा बंध शिवून उपयोग नव्हता, कारण ज्याला बांधायचं तेच उरलं नव्हतं. मग त्यांनी सांधाच जुळवून टाकला, मांडीचं हाड आणि खुबा एक. दुखणं गेलं आणि वाकणंही गेलं. गुळव्याला उकिडवं बसता येईना. तुम्ही एक हंगाम उभ्यानं करून बघितलात, लांब दांड्याच्या पळीनं थेंब काढून. गूळ चिकट आला. पुढल्या वर्षी मालकानं दुसरा गुळव्या बोलावला. पंगतीत तुम्ही कधी बसला नाहीत, कडेला भिंतीला टेकून, ताट कोनाड्यात ठेवून उभ्यानं जेवायचा, आणि कुणी हळहळलं तर म्हणायचा, "घोडं बी हुभ्यानंच खातंय की." सगळे हसायचे. मी वाढायला असले तर तुमच्या ताटात वाढून लगेच पुढल्या पानाकडं वळायचे.

आणि ह्यांचं सांगते, कारण तेही तुम्हाला कुणी सांगितलेलं नसणार. ह्यांनी सगळा दोष त्या चुलत्यांवर टाकला. स्टूल त्यांनी काढायला लावलं म्हणून. पुढं त्यांच्याशी बोलणंच टाकलं, म्हातारा मरताना "बोलाव त्याला" म्हणत होता तरी गेले नाहीत. सुट्टीवर आले की आधी तुमच्याकडं यायचे, तुमचा तो लाकडासारखा पाय मांडीवर घेऊन तेल चोळायचे. मला म्हणायचे, "माझ्या पायापायी त्यांचा पाय गेला." एवढा भला माणूस जन्मभर एका दोषाचं ओझं वाहत राहिला आणि मी शेजारी निजून ते वाहू दिलं. चार वर्षांपूर्वी तेही गेले. शेवटच्या आजारात मी दोनदा सुरुवात केली. दोन्ही वेळा त्यांनी विचारलं, "काय गं?" आणि मी म्हणाले, "काही नाही, पाणी देऊ?"

आबा, तुम्हाला ठाऊक होतं का? मला एवढंच हवंय. तुम्ही तिसरी शिकला होता, तुम्हाला अक्षरं लावता यायची. माझी ट्रंक माजघरातच होती. मी सासरी गेल्यावर कधीतरी ते भूगोलाचं पुस्तक तुमच्या हाती लागलं का? की त्या आधीच, दारात उभं राहून "बसू न्हवं गं?" विचारलंत तेव्हाच? तुम्ही आयुष्यभर थेंब हातात घेऊन आत काय आहे ते ओळखत आलात, मग माझा चेहरा तुम्हाला कळला नसेल? कळला असेल तर का बसलात? माझी उणी बाजू झाकायला? आणि नसेल कळला, तर डॉक्टरांपुढं "तिनं लय सांगितलं" हे तुम्ही कुठून आणलंत? मी रात्रंदिवस ह्या दोन्हींच्या मध्ये फिरते. तुम्हाला ठाऊक नव्हतं असं धरलं तर मी तुम्हाला फसवलं. ठाऊक होतं असं धरलं तर तुम्ही तुमचा पाय माझ्यासाठी मोडून घेतलात आणि मी तो घेतला. यातलं कुठलं सोसायचं ते तरी सांगा. कुणीतरी मला ओरडा, आबा. सत्तरी आली तरी मला अजून कुणी ओरडलेलं नाही.

बाहेर गाडीचा आवाज आला, पोरं परत आली. हे कागद मी त्या जुन्या कागदाशेजारी ठेवीन. तो अजून आहे, भूगोलाच्या पुस्तकातच, घडीवर पिवळा पडलेला. लेकाला काय सांगू? आठ दिवसांनी तो पाटावर बसेल, त्याचे खुबे धड आहेत, दोन मिनिटांत उठेल. मी तोंड फिरवून उभी राहीन आणि लोक म्हणतील आजीला गहिवर आला.

एक सांगायचं राहिलं. सगळे मला विचारायचे, तू तर समोरच होतीस, तुला दिसलं कसं नाही? मी म्हणायचे, मुंडावळ्या डोळ्यांवर होत्या. तसं नव्हतं. तुम्ही वाकलात तेव्हा मी तुमच्याकडं बघतच नव्हते. परातीत त्यांची पावलं होती, पाण्यानं चकाकणारी, फौजी बुटांच्या पट्ट्यांची खूण पडलेली, आणि मी त्यांच्याकडं बघत होते. तो आवाज मी ऐकला. आणि त्या आवाजानंतरही क्षणभर, आबा, मी खूश होते.